बेटावरचा महाराजा

१९६१च्या उन्हाळ्यात श्रीरंग खांबेटे उत्तर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर हॉटेलात भांडी घासायला गेला. जर्मनीत ब्राउनश्वाइगला तो इंजिनांवर डॉक्टरेट करत होता. सुट्टीपुरतं हेच काम मिळालं. सोबत कराडचा दत्तात्रय होता, रसायनशास्त्राचा.

बेट इतकं लहान, की चार पावलं चाललं की समुद्र आडवा यायचा. हॉटेलमालक हेर (म्हणजे श्रीयुत) टाडसेन मात्र स्वतःला तिथला राजा समजे. दोघांच्या आर्बाइट्सएर्लाउब्निसमध्ये, म्हणजे कामाच्या परवान्यात, याच हॉटेलचं नाव होतं आणि काम लिहिलं होतं ‘स्वयंपाकघरातला मदतनीस’. धक्क्यावरच्या बोटवाल्या बाईंनी श्रीरंगला इंजिन दुरुस्तीला बोलावलं, तेव्हा टाडसेननं त्यांच्यासमोरच परवाना वाचून दाखवला. स्वयंपाकघराबाहेर काम केलंस तर पोलिसांना कळवीन, म्हणाला.

ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गची बडी मंडळी उतरली. टाडसेन पडद्याच्या कापडाचा फेटा घेऊन मोरीपाशी आला. आवाज एकदम मऊ. संध्याकाळी हा बांधून जेवणघरात चहा द्यायचा, आणि कोणी विचारलंच तर महाराजांचा मुलगा आहे म्हणायचं.

श्रीरंगनं हात पुसले. "जेवणघर परवान्यात नाही, हेर टाडसेन. पोलिसांना विचारू या का?"

टाडसेन लालबुंद झाला. पण ऐन हंगामात याला काढलं तर भांडी कोण घासणार? त्यानं फेटा दत्तात्रयपुढे धरला. दत्तात्रयनं तो बांधून घेतला. वर आरसाही मागितला.

मग रोज संध्याकाळी तो वाघाच्या शिकारीच्या गोष्टी सांगू लागला. वाघ त्यानं सर्कशीत पाहिला होता. पाहुण्या बायका त्याला मधे उभा करून फोटो काढत. आत श्रीरंग दोघांच्या वाटची भांडी घाशी, आणि दाराच्या फटीतून तो फेटा दिसला की त्याला थुंकावंसं वाटे.

परतीच्या बोटीत दत्तात्रय म्हणाला, "घरी काही बोलू नकोस हं."

"लाज वाटते?"

"छे. लोकांना कळत नाही रे. देशाची शान दाखवली मी."

श्रीरंग उठून डेकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

तीन वर्षांनी पुण्यात दत्तात्रयचं व्याख्यान झालं, ‘जर्मनीतील भारताची प्रतिमा’. शाल झाली, नारळ झाला. श्रीरंग शेवटच्या रांगेत होता. शेजारच्या गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, तुम्हीही यांच्याबरोबर होतात म्हणे, काय करत होतात तिकडे?

"भांडी घासत होतो," श्रीरंग म्हणाला.

गृहस्थांनी खुर्ची जराशी पलीकडे सरकवली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.