तारेचे पाच वेढे

मी एक जुनी पवनचक्की आहे. हल्लीच्या उंच, गोऱ्या, तीन पात्यांच्या पवनचक्क्या तुम्ही चित्रात पाहता. त्यांच्याशी माझं नातं असलंच, तर दूरच्या गरीब मावशीचं. मला अठरा पाती आहेत, सगळी पत्र्याची. वारा आला की चाक फिरायचं, चाकाबरोबर एक लांब लोखंडी गज वरखाली व्हायचा आणि विहिरीतलं पाणी टाकीत पडायचं. एवढंच मला येतं. पण मित्रांनो, एवढंच येणाऱ्यांवर जग चालतं. बाकीचे सभा घेतात.

माझे मालक रोपवाटिका चालवतात. मला उभं केलं त्या दिवशी त्यांनी बघायला आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. पुढे दरवर्षी ते शिडीवरून चढून माझ्या दातेरी चाकांत तेल घालत आणि उतरताना एक थाप मारत. पवनचक्कीला आणखी काय हवं?

मग घरात मुलगी झाली. तिची दुपारची झोप आणि माझी किरकिर यांचं काही जमेना.

"अहो, त्या चक्कीला गप्प करा, नाहीतर हिला घेऊन तुम्ही बसा," मालकीणबाई म्हणाल्या.

माझ्या पायथ्याशी एक दांडा आहे. तो खाली ओढला की माझी शेपटी दुमडते, चाक वाऱ्यापासून तोंड फिरवतं आणि थांबतं. मालकांनी दांडा ओढला आणि तारेचे पाच वेढे देऊन बांधून टाकला.

"ही उठेपर्यंतच," ते म्हणाले.

मित्रांनो, त्याला चोवीस वर्षं झाली.

दोन-चार दिवसांची सोय म्हणून डिझेलचं इंजिन आलं. त्याचा आवाज माझ्या दसपट. पण त्यात मुलीला छान झोप लागते, असं मालक सांगत. नव्या जावयाचं घोरणंही कौतुकाचं असतं. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं मुरलेलं तेल ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिऊन संपवायचं आणि काळा ढेकर द्यायचं. विहीर आटली तर पुन्हा भरते. तेलाच्या विहिरीला ती सवय नाही.

इकडे मालकीणबाईंनी माझ्या पायाशी एक वेल लावला. त्यानं दांडा झाकला, तार झाकली. 'चक्की बंद आहे' याचं हळूहळू 'चक्की बिघडली आहे' झालं. वारा रोज यायचा, पात्यांतून हात फिरवायचा आणि निघून जायचा. पाखरंसुद्धा बसायची ती माझ्याकडे पाठ करून. मला सगळं ठाऊक होतं, पण ओरडायला हलावं लागतं. पुढे पुढे तर वाटू लागलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. बराच काळ बांधलेल्याला असंच वाटतं.

एकदा शाळेची सहल आली. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मुलांनो, ही नूतनीकरणक्षम ऊर्जा. वारा कधीच संपत नाही."

"मग ही बंद का, बाई?"

"रांगेत चला."

गेल्या वर्षी इंजिन विकलं गेलं आणि छपरावर सौर पट्ट्या आल्या. शांत, सुशील मंडळी. दिवसभर उन्हात पाठ टाकून पडतात आणि पाणी चढवतात. पण यंदा आठवडाभर आभाळ भरून राहिलं. थेंब पडेना, ऊन दिसेना, वारा मात्र सोसाट्याचा. पट्ट्यांनी हात टेकले. टाकीचा तळ दिसला, रोपांनी माना टाकल्या. आणखी पट्ट्या बसवायला जागा हवी, म्हणून मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. माझ्यासाठी.

त्यानं नटबोल्टला पाना लावायला वेल बाजूला केला आणि तिथेच उकिडवा बसला.

"काका, ही बिघडलीय म्हणून कोण म्हणालं?"

"कोण म्हणायला कशाला पाहिजे? चोवीस वर्षं हलली नाही!"

"हलेल कशी? बांधलीय हो हिला."

मालक वाकून बघू लागले. "कुठल्या शहाण्यानं बांधली?"

"आरशात बघा," मागून मालकीणबाई म्हणाल्या. "पोरगी झोपत नव्हती म्हणून तुम्हीच नव्हती का बांधलीत?"

भंगारवाल्यानं पकडीनं एकेक वेढा तोडला. शेपटी उघडताना मी जे किंचाळले, ते शोभेल असं नव्हतं. पण फिरले! तेल घालून, पंपातला सुकलेला चामडी वायसर बदलून संध्याकाळ झाली. आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. रोपं वाचली. भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. जाताना त्यानं मला थाप मारली. चोवीस वर्षांतली पहिली.

आता ऊन असलं की पट्ट्या, वारा असला की मी. दोन्ही नसलं की सगळे आभाळाकडे बघतो. तेवढीच सोबत होते. मित्रांनो, न संपणारं ते सगळं आपोआप मिळतं असं समजू नका. त्यालाही तेल लागतं, थाप लागते. आणि थांबलेलं काही दिसलं, तर भंगारवाल्याआधी तुम्ही त्याच्या पायाशी वाकून बघा.

ती मुलगी आता रोपवाटिका सांभाळते. दुपारी माझ्या सावलीत खाट टाकून पडते. परवा मालक दांड्याला हात लावून म्हणाले, "फार किरकिरतेय, थांबवू का?"

"नको, बाबा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "ती थांबली की मला जाग येते."