काजूच्या बुंध्याशी दुसरं पान

फाल्गुन सरत आला होता आणि दोडामार्गाच्या डोंगरउतारांवर सुवर्णकांती ऊन सांडलं होतं. काजूची बोंडं पिकली होती, तांबडी, पिवळी, केशरी. रसगंधाने सारं रान धुंद झालं होतं. एवढी श्रीमंती, पण काय करायचं! बागेत पाऊल टाकायचं तर जिवावर उदार व्हावं लागे.

कारण त्या रानात माकडताप होता. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचीड पाचोळ्यातून पायावर चढायची आणि धडधाकट माणूस तापाने फणफणायचा. द्रौपदी गवसचा नवरा असाच गेला, नाकातोंडातून रक्त येऊन. तेव्हापासून माकड दिसलं की ती दगड उचलायची. आता तिची लेक मंजुळा त्याच बागेत बोंडं वेचत होती. बाग सोडून जगायचं कशावर?

मग लस आली. नवीकोरी, अजून माणसांवर पारखायची राहिलेली. गावात कुजबुज झाली, "आधी दुसऱ्याक टोचूंदे." द्रौपदी मात्र पदर खोचून उठली. आपल्या अंगात ती रुजली, तरच मंजुळेपर्यंत पोचेल, एवढंच तिला कळत होतं.

आरोग्यकेंद्राच्या पडवीत डॉक्टर सामंतबाईंनी सगळे धोके समजावले. "आणखी काही विचारायचंय, मावशी?"

"माझ्याआधी कोणाक टोचलात?"

"माकडांना. नंतर तापाचा विषाणू देऊनही ती जगली. म्हणून तर तुमच्यापर्यंत आलो."

अगं बाई! ज्या जातीला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिनेच आधी दंड पुढे केला होता? पुढे केला तरी कुठला; त्या मुक्या जिवांना विचारलं कोणी?

"वायच थांबा," म्हणत तिने हात जोडले आणि गावरीतीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या औषध गुणाक येंवदे. माझ्या चेडवाची, मंजुळेची राखण कर. आणि ज्या मुक्या जनावरांनी ह्या आधी सोसलां, त्यांचां भला कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारी पडवी एकमुखाने म्हणाली. हातात सुई धरलेल्या सामंतबाईसुद्धा.

दंड ठणकला, अंग कसकसलं, मग निवलं. आणि काही आठवड्यांनी एका हरितसुवर्ण सकाळी सामंतबाई स्वतः बागेत आल्या. "मावशी, तुमच्या रक्तात तापाशी लढणारं बळ उतरलंय. पुढच्या टप्प्यात मंजुळेलाही घेतोय."

द्रौपदी पोटभर रडली. सुखाचं रडणं ते!

दुपारी तिने नवऱ्यासाठी काजूच्या बुंध्याशी नैवेद्याचं पान ठेवलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. शेजारी दुसरं पान मांडलं. त्यावर बागेतली सर्वांत रसाळ, सर्वांत तांबडी बोंडं. "खावा रे बाबांनो," ती म्हणाली आणि हात जोडून मागे सरली.

वर पर्णजाळीत काहीतरी हललं. पायाशी दगड होता. तिने त्याकडे पाहिलंही नाही. तिचे हात जोडलेलेच राहिले. एक काळा, सुरकुतलेला, सावध हात हळूच खाली आला, बोंड घेऊन वर गेला, आणि सुवर्णकांती उन्हात थेंब थेंब रस ठिबकत राहिला.