डॉक्टरांच्या खिशातलं गाळणं

मी मलमलीचा एक तुकडा बोलतोय. हातभर लांब, तेवढाच रुंद. जन्मानं मी चांगल्या घरचा, हसू नका. गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात मी अख्ख्या ठाणाचा भाग होतो. माझ्या भावंडांच्या पगड्या झाल्या, कुर्ते झाले, आणि शेवटी उरलो मी. दुकानदार गादी झटकायला मला उचलणार, तेवढ्यात डॉक्टर कमरोद्दीन आले. त्यांनी मला उजेडापुढं धरलं आणि वीण दाट आहे का ते निरखून पाहिलं.

"इसका क्या सिलवाओगे, डॉक्टरसाब?"

"कुछ नहीं. पानी छानना है."

दुकानदाराला हसू आवरेना. मलाही जरा अपमान वाटला. पगडी व्हायच्या लायकीचा मी, आणि झालो गाळणं!

डॉक्टर निजाम सरकारच्या आरोग्य खात्यात होते. हैदराबादेत शिकून आलेले, पण दवाखान्यात बसून नाडी बघणं त्यांना पुरेसं वाटत नसे. गावोगावच्या विहिरी बघत ते हिंडायचे. त्यांचा वैरी होता नारू. माणसाच्या पायातून दोऱ्यासारखा निघणारा हा किडा फोड आल्यापासून पुरता बाहेर यायला महिना महिना घेई, आणि तेवढे दिवस माणूस अंथरुणाला खिळे. ऐन पेरणीत निम्मं गाव असं पडलेलं मी पाहिलंय.

कन्नड तालुक्यातल्या एका गावात सगळ्यांचं पाणी एका बारवेचं होतं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभ्या राहायच्या. फोडाची आग थंड करायला आजारी माणूस तिथंच पाय बुडवायचा, आणि त्या फोडातून नारूची पिल्लं पाण्यात उतरायची. पाण्यात बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात ही पिल्लं जातात. तेच पाणी माणूस पितो, आणि वर्षभरानं त्याच्या पायाला फोड येतो. ते किडे माझ्यातून पार होत नाहीत. एवढीच माझी विद्या.

गावातली सारजाबाई डॉक्टरांना पहिल्या भेटीतच म्हणाली होती, "मला झाला, मालकालाबी झाला. आता माझ्या चतुरीला नको व्हायला, एवढं करा."

चतुरा तिची एकुलती एक लेक. सारजाबाईला दुसरं काही मागायचं नव्हतं.

डॉक्टर कचेरीतल्या एका बड्या साहेबांकडे गेले. मी खिशातून सगळं ऐकत होतो.

"खाटा मागा, औषधं मागा, देतो," साहेब म्हणाले. "विहिरीच्या पायऱ्या बुजवा, हे काय डॉक्टरचं काम आहे?"

"हुजूर, खाटा भरतच राहतील. पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवला, तर कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही."

साहेबांनी पान तोंडात टाकलं. "बारव कुणाच्या तरी पुण्याईची असते. ज्यांच्या पूर्वजांनी बांधली त्यांचा होकार आणा. सरकार असल्या कामात जबरदस्ती करणार नाही."

बारव तात्यासाहेबांच्या पणजोबांनी बांधली होती. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. डॉक्टर त्यांच्या घरी गेले, आणि तात्यासाहेबांनी मोठ्या मनानं स्वतःच्या चांदीच्या फुलपात्रातून पाणी पुढं केलं. मुसलमान पाहुण्याला घरचं भांडं द्यायचं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ओसरीवर बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

पाणी बारवेचंच होतं. डॉक्टरांचा हात खिशात आला. त्यांची बोटं माझ्यावर होती.

"काय झालं? आमच्या घरचं पाणी चालत नाय का तुम्हाला?" तात्यासाहेबांनी विचारलं. ते हसत होते, पण आवाज हसत नव्हता.

मला बाहेर काढलं असतं, तर 'तुमचं पाणी घाण आहे' असं भर ओसरीवर म्हटल्यासारखं झालं असतं. डॉक्टरांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि पाणी पिऊन टाकलं. मी खिशात चुरगळून पडलो होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

तात्यासाहेब खूष झाले. "बांधा तुमचा कठडा," म्हणाले.

मंजुरीचे कागद कचेरीत रेंगाळत राहिले. गवंडी आले तोवर वर्ष उलटत आलं होतं. काम सुरू झालं त्या दिवशी डॉक्टर काठी टेकत बारवेवर आले. घोट्याला पट्टी होती. गाव जमलंच होतं.

"डॉक्टरसाहेब," तात्यासाहेब म्हणाले, "तुम्ही तर गाळून पिता. मग तुम्हाला कसा झाला नारू?"

"एकदा गाळलं नव्हतं."

"कुठं?"

मला वाटलं, आता खोटं बोलतील. पण सारजाबाई समोर उभी होती, आणि चतुरा तिच्या पदराला धरून.

"तुमच्या ओसरीवर," ते म्हणाले. "पण पाणी तुमच्या घरचं म्हणून नव्हे, तात्यासाहेब. बारवेचं होतं. तुम्हीही तेच पिता."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. तात्यासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आमचं भांडं तोंडाला लावायला दिलं, त्याचे हे पांग फेडले व्हय? उचला रे तुमची थापी!"

गवंड्यांनी चुना तसाच टाकला आणि ते निघून गेले. सारजाबाई तात्यासाहेबांच्या पाया पडली. ते पाय झटकून चालू लागले.

मी खिशातून निघालो असतो तर होकार मिळाला नसता. निघालो नाही, तरी कठडा झाला नाही. ही गोष्ट माझ्या धाग्याधाग्यात सलते.

साहेबांनी कन्नडला खाटा मात्र मंजूर केल्या, आणि डॉक्टरांची बदली पार तेलंगणात केली. जाताना लंगडत ते सारजाबाईच्या दारी आले आणि मला तिच्या हातात ठेवलं.

"बाई, कठडा होईना माझ्याच्यानं. एवढं ठेवा. गाळल्याशिवाय पाणी पिऊ नका."

त्यांचे डोळे भरून आले होते. सारजाबाईनं शिवाशिवीचा विचार केला नाही. मला धुतलं आणि मडक्याच्या तोंडाला बांधलं. त्या घरातलं पाणी मी इमानानं गाळलं, आजही गाळतो. पण चतुरा आता शेतावर जाते. उन्हातून येताना तहान लागली की बारवेत उतरते आणि ओंजळीनं पिते. घरच्या मडक्याला मी पुरलो. तिच्या ओंजळीला कसा पुरणार? तिथं कठडाच हवा होता.

आज ती मला धुवायला बारवेवर आली. मला पायरीवर ठेवून खाली बसली. तिच्या घोट्यावर फोड आलाय.

"आई गं, लई आग होतीया," ती म्हणाली, आणि तिनं पाय पाण्यात सोडला. तिला बरं वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले.

माझा आवाज तिच्यापर्यंत जात नाही. तुम्ही तरी ऐकताय ना? मग हाक मारा तिला, पाय बाहेर काढायला सांगा. शेजारच्या पायरीवर बायका घागरी भरताहेत.