शुक्रवारची बाटली

"अदीना, अगं ती हिरवी बाटली कुठंय?"

स्वयंपाकघरातून सोलोमनआजोबांचा आवाज आला आणि जिन्यावर अदीनाची पाचावर धारण बसली. ती बाटली मंगळवारीच कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या गाडीतून गेली होती. मागे राहिला होता नुसता तिचा गळा. तो या घटकेला अदीनाच्या हुडीच्या खिशात होता.

"कुठला बाटली?" तिने खाली येत विचारलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असले प्रश्न विचारतो.

"घरात बाटल्यांचं दुकान आहे का? आजीची. सिंकखाली होती."

हाउन्सलोच्या त्या घरात हे दोघंच राहायचे. एस्थरआजी गेली त्याला आज वर्ष होत होतं. आजोबांना एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांची ही विलायतेत जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी नात इल्फर्डहून इथे राहायला आली होती आणि एअरपोर्टजवळच्या कार्गो शेडमध्ये नोकरी करत होती. आजोबा धड जेवत नव्हते, धड बोलत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची प्रार्थना म्हणायचे, पण प्याल्यात सुपरमार्केटमधला द्राक्षांचा रस ओतायचे आणि औषध घ्यावं तसा घ्यायचे. आजी होती तोवर तिथे काळ्या मनुकांचं शरबत असायचं, बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरी पूर्वापार असतं तसं. ते तिच्याबरोबरच गेलं.

आणि काल रात्री आजोबांनी आपण होऊन मनुका भिजत घातल्या होत्या. सकाळी ते भांडं पाहून अदीनाला इतका आनंद झाला की तिने म्हाताऱ्याला घट्ट मिठीच मारली. बाटलीचा विचार तिच्या मनातही आला नव्हता. कुठून येणार?

या सगळ्या घोळाला कारण अमेरिका. शेडमधल्या रेडिओवर रविवारी एक कार्यक्रम लागायचा. अमेरिकेच्या मातीतली गाणी, ब्लूज, फोक. शंभर वर्षांपूर्वीची खरखरणारी आणि गेल्या महिन्यात निघालेलीसुद्धा. एका रविवारी कुणा जुन्या माणसाचं गाणं लागलं. गिटारच्या तारांवरून तो काहीतरी सरकवत होता आणि तार रडत रडत बोलत होती. अदीना हातात खोका घेऊन तशीच उभी राहिली. आजीच्या दफनाच्या दिवशी जे रडू आलं नव्हतं ते तिथे, फोर्कलिफ्टच्या शेजारी आलं. पाठोपाठ तिच्याच वयाच्या एका मुलीचं नवंकोरं गाणं लागलं आणि त्यातही तोच आवाज! मग पोरीला वेडच लागलं. सेकंडहँड गिटार आली. दुकानातली स्टीलची नळी बोटात घालून झाली, पण आवाज पत्र्याचा. जुने लोक बाटलीचा गळा कापून वापरायचे हे कळल्यावर तर घरातली एकही बाटली तिच्या नजरेतून सुटेना.

हिरव्या बाटलीची काच जाड होती. गळा सरळ. अनामिकेत असा बसला, जणू माप घेऊनच केला होता. आतून मनुकांचा वास येत होता, तेव्हा हिला वाटलं, जुनी ब्रँडी असणार. शरबत ती लहानपणापासून प्यायली होती, पण ते व्हायचं शुक्रवारी सकाळी आणि ही पोचायची संध्याकाळी. तिने पाहिला होता तो फक्त चांदीचा प्याला.

आजोबा आता गुडघे टेकून कपाटातल्या वस्तू बाहेर काढत होते. खिडकीबाहेर जानेवारीचं ऊन उतरायला लागलं होतं.

"आजोबा, दुसऱ्या कशात ठेवू ना. पाण्याचा जग आहे मोठा."

"जग नको." ते कष्टाने उठले. "वर्षभर त्या बाटलीला हात लावायचा धीर झाला नाही मला. आज म्हटलं, करूया. तिच्या बाटलीत. आता तीच नसेल तर राहू दे. नसतीच हौस केली मी." त्यांनी मनुकांचं भांडं उचललं आणि सिंककडे वळले.

"ओतू नका!"

अदीनाने खिशातून हात काढला. "मी कापला. बाटली मीच कापला, आजोबा. गिटारसाठी. मला माहीत नव्हता ते आजीचा शरबतचा होता. आय स्वेअर."

आजोबांनी भांडं खाली ठेवलं. गळा हातात घेऊन उजेडात धरला, घासून गुळगुळीत केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बाकीची?"

"बिनमध्ये. गेला."

ते खुर्चीत बसले. गळा बोटांत फिरवत राहिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर अदीनाला बरं वाटलं असतं. आता हे पुन्हा बोलायचे थांबणार, जेवायचे थांबणार, आणि ते आपल्यामुळे.

"वरच्या खोलीत जे मांजर ओरडतं, ते हे?"

"हो. सॉरी, आजोबा. रियली सॉरी."

"मला नको म्हणूस. बाटली माझी नव्हती. जिची वस्तू तिचीच माफी मागायची, आपल्यात असंच आहे. माणूस गेलं म्हणून सुटका नाही."

"पण तिला कसं विचारू?"

आजोबांनी तो गळा स्वतःच्या बोटात घालून पाहिला. पहिल्याच पेरावर अडला. मग त्यांनी अदीनाचा हात ओढला आणि तिच्या अनामिकेत घातला. तो थेट मुळापर्यंत गेला. ते त्या बोटाकडे बघत राहिले.

"तिचं पण इथवरच जायचं," ते हळूच म्हणाले. "चोथा अडकायचा गळ्यात, मग बोट घालून ढकलायची. एकदा बोटच अडकलं. दिवे लावायची वेळ झाली आणि बाई बाटली घेऊन घरभर नाचतेय! साबण लावून काढलं मी." ते हसले आणि त्यांनी तिचा हात सोडला. "जा, गिटार आण. शब्बाथचा दिवा लागला की उद्या रात्रीपर्यंत वाजवायचं नाही."

"काय वाजवू?"

"मला काय विचारतेस? माफी तुला मागायचीय."

ती गिटार घेऊन खाली आली. पहिला सूर भलतीकडेच घसरला. तिने डोळे मिटले आणि शेडमध्ये ऐकलेलं ते जुनं गाणं जमेल तसं वाजवलं, चुकत, मागे येत, पुन्हा पुढे जात. काच तारेवरून सरकत गेली. आजोबा पाठ करून मनुका फडक्यात पिळत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. गाणं संपलं तरी तो हलला नाही.

"केला माफ तिने?" अदीनाने घाबरत विचारलं.

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. छपरांवर थोडं ऊन अजून होतं. त्यांनी जग पुढे ओढला आणि त्यात शरबत गाळायला घेतलं.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले. "पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय नव्हती तिला."