मोज्याच्या आत

माझ्या नातीला, चिमणीला, मी एकच नियम शिकवला होता: काम संपेपर्यंत हातमोजे काढायचे नाहीत. चुकलं ते तिथेच.

तिची आई, माझी सून, दवाखान्यात परिचारिका आहे. ती सकाळची पाळी संपवून यायच्या आत न्हाणीघराच्या फरशा लख्ख करायच्या, असा आम्हा दोघांचा बेत होता. बादलीत ब्लीच मी कालवलं, खिडकी उघडली आणि माझे रबरी मोजे चिमणीच्या हातांत चढवले. नऊ वर्षांच्या हातांना ते भलतेच ढगळ होते.

जरा वेळाने तिची बडबड थांबली. चिमणी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय. पाहतो तर ती डाव्या हाताने फरशी घासतेय, उजवा पोटाशी धरलेला.

"काय झालं गं?"

"काही नाही. बादलीतलं पाणी मोज्यात गेलंय. चुणचुणतंय. पण काम कुठे संपलंय, आबा?"

मी धावत जाऊन तिचा मोजा काढला. मनगटापासून बोटांपर्यंत हात लालबुंद. तो मी नळाखाली धरला आणि सुनेला फोन लावला. लिंबू चोळू का, असं चिमणीने विचारलं. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. फोनवरून तिची आईच म्हणाली, ब्लीचवर आंबट कधीच नाही, मलम नाही, नुसतं वाहतं पाणी, वीस मिनिटं. फोड आला किंवा आग थांबली नाही तर लगेच घेऊन या. "आणि बाबा, तुम्हीही हात धुवा. तुम्ही तर मोजेही घातले नसणार."

घातले नव्हतेच. माझे तिला दिले होते.

मग एकाच नळाखाली आमचे तीन हात. चिमणीने बाराचा पाढा दोनदा म्हटला, सतराच्या पाढ्यावर अडखळली आणि हळूच विचारलं, "आता मला कधीच काम देणार नाही ना?"

"देईन. ब्लीच मोठ्यांचं, साध्या पाण्याने पुसणं तुझं. आणि चूक तुझी नाही. माझा नियम अर्धाच होता."

आजोबा चुकू शकतात, हे तिला हाताच्या आगीपेक्षा जास्त नवलाचं वाटलं असावं. लाली उतरू लागली तशी ती मास्तरीण झाली.

"मग पुरा नियम सांगा."

"मोज्याच्या आत ओलं लागलं, की काम गेलं खड्ड्यात. मोजा काढायचा, नळ गाठायचा, मोठ्यांना हाक मारायची."

तिने तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. सून दारात आली तेव्हा माझी तिसरी खेप चालू होती.