यादी करणारी

लग्नाला नऊ दिवस राहिले असताना मला शोध लागला की मी लग्नाला जाणारच नाहीये.

शोध लावायला फार कष्ट पडले नाहीत. बुधवारी दुपारी ऑफिसात बसून मी सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या कापत होते. प्रत्येक चिठ्ठीवर नाव, फोन नंबर आणि हॉटेलच्या खोलीचा नंबर. सेहेचाळीस पाहुण्यांच्या सेहेचाळीस चिठ्ठ्या. काकांची तेवढी मोठ्या अक्षरात, कारण त्यांना चष्मा लावायचा कंटाळा. सगळ्या कापून झाल्यावर म्हटलं, चला, आपलीही चिठ्ठी आपल्या बॅगेला बांधून टाकू. गठ्ठा वरून खाली बघितला, खालून वर बघितला. टेबलाखाली पडली असेल म्हणून वाकूनही बघितलं. मग कॉम्प्युटरवर मूळ यादी उघडली. यादीत मी नव्हते. विमानाच्या तिकिटांत नव्हते, खोल्यांत नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः सगळ्यांचे पासपोर्ट पिशवीत भरून व्हिसाच्या ऑफिसात नेऊन दिले होते, त्यातही माझा नव्हता. तो माझ्याच खणात, रबर लावून, नीट ठेवलेला होता.

मी बावीस वर्षं एका प्रवास कंपनीत लोकांना परदेशी पाठवायचं काम करते. स्वतः कधी गेलेली नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं होतं, "यादी करणारा यादीत नसतो. एकदा का स्वतःला मोजलंस, की खोल्यांची गणतीच चुकली म्हणून समज." खरंच आहे ते. सहल ठरवणारी माणसं टेबलाशीच बसलेली असतात. बावीस वर्षं बोटं हा नियम पाळत आली आणि सख्ख्या भाचीच्या लग्नातही त्यांनी तो इमानेइतबारे पाळला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मुळात हे काम माझ्या गळ्यात पडलं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नवरीचा बाप. लग्न परदेशात करायचं ठरलं त्याच दिवशी तो म्हणाला होता, "पाहुण्यांचं जाणं-येणं, फिरणं-बिरणं तूच बघ. तुझ्या तर डाव्या हातचा मळ!" झालं. तेव्हापासून तीन महिने मी लष्करच्या भाकऱ्या भाजतेय. आमच्याकडचे तीस जण होते. मग वराकडून निरोप आला की आमच्याही सोळा जणांचं तुमच्या बाईच बघतील तर बरं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

आणि एकेक पाहुणा म्हणजे नमुना. काकांना समुद्राकडची खोली हवी, पण समुद्राचा आवाज नको. एका मामेभावाला जाताना खिडकी हवी आणि येतानाही हवी, कारण "जाताना बघितलेलं येताना दुसऱ्या बाजूनं बघू." वहिनीच्या बहिणीनं मला दोन वेळा फोन करून विचारलं की कार्यक्रमात शनिवारी दुपारी 'मोकळा वेळ' लिहिलंय, तर त्या मोकळ्या वेळात नक्की काय बघायचं? मी म्हटलं, काही बघायचं नाही, मोकळं राहायचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बुडालाच की तो वेळ!" फोनवरच्या ग्रुपात मी सूचना टाकली की सेहेचाळीस अंगठे वर व्हायचे आणि त्यानंतर तासाभरात तीच सूचना काय आहे हे विचारायला वीस फोन यायचे. सगळ्यांनी खिडकी मागितली. सेहेचाळीसातल्या एकानंही, अगं, तुझी खिडकी कुठली, असं विचारलं नाही.

हे सगळं मी सोसलं ते एकीसाठी. भिंगरीसाठी. हे तिचं घरातलं नाव, एका जागी बसायची नाही म्हणून. दादा-वहिनी दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती माझ्या ऑफिसात यायची आणि टेबलाखाली माहितीपत्रकं पसरून बसायची. त्यात एक लाइटहाउस होतं. पांढरं, लाल पट्ट्यांचं, मागे नुसता समुद्र. खाली छापलं होतं, दोनशे बारा पायऱ्या. भिंगरी बोट लावून म्हणायची, "आत्या, आपण दोघी चढू. तू दमलीस तर मी थांबेन." ते चित्र फाडून आम्ही माझ्या टेबलालगतच्या भिंतीवर चिकटवलं. ते अजून तिथंच आहे, कोपरे पिवळे पडलेत. तिनं लग्न त्याच गावात करायचं ठरवलं, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात पहिली ओळ तिनं मला फोनवर सांगून लिहून घेतली. शनिवारी सकाळी नऊ वाजता बस, लाइटहाउस. मीच टाइप केली होती ती ओळ.

त्याच बुधवारी दुपारी मी माझा पासपोर्ट घेऊन व्हिसाच्या ऑफिसात गेले. तिथला खिडकीवाला मला बारा वर्षं ओळखतो. दर आठवड्याला आम्ही भांडतो.

"एकच?" तो म्हणाला. "बाकीची पार्टी कुठाय?"

"पार्टीला व्हिसा कधीच मिळालाय. हा माझा आहे."

त्यानं फोटो बघितला, मग मला बघितलं. "त्या सेहेचाळीसातलं नाव सुटलं?"

"सुटलं."

"यादी कुणी केली होती?"

"मी."

तो हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पण तो नुसता "अरेरे" म्हणाला. मग कॅलेंडरवर बोट फिरवत त्यानं सांगितलं, "अर्जंटला सात कामाचे दिवस. मध्ये शनिवार-रविवार. म्हणजे पुढचा शुक्रवार."

"शुक्रवारी लग्न आहे. मला गुरुवारी सकाळी तरी निघायला हवं."

"आधीही होऊ शकतं, मॅडम. नाही असं नाही. पण मी लिहून देणार नाही."

हे माझंच वाक्य. बावीस वर्षं टेबलापलीकडच्या माणसांना मी हेच ऐकवत आलेय, तेही थोड्या गुर्मीत, की पासपोर्ट वेळेवर द्यायला काय होतं तुम्हाला? लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी पैसे भरले, पावती घेतली आणि पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. तेवढ्यात काकांचा फोन. समुद्राकडची खोली बदलून बागेकडची मिळेल का, पण बागेत डास असतील का?

संध्याकाळी दादाकडे गेले. सगळ्या पलंगांवर बॅगा उघड्या पडलेल्या, वहिनी मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वहिनी मटकन खाली बसली.

"अगंबाई! आणि काकांच्या गोळ्यांचं आता कोण बघणार?"

दादा मात्र खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल त्याला. वळून म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं म्हण. तिकडं गर्दीत तुझा फोन लागेल न लागेल. तू इथं कॉम्प्युटरपुढं असलीस म्हणजे आम्हाला काळजी नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं सुनवायचं होतं त्याला. पण त्याचा चेहरा इतका निर्मळ होता! तो मला टोचायला बोललाच नव्हता, त्याला खरोखरच हायसं वाटलं होतं. अशा माणसाशी भांडणार कसं? आणि खरं सांगायचं तर निम्मा राग माझा माझ्यावरच होता. यादी त्यानं थोडीच केली होती?

भिंगरी तयारीसाठी आधीच तिकडे जाऊन राहिली होती. तिला मीच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू येशील, आत्या. तुझं काम कधी अडतच नाही." त्यापेक्षा रडली असती तर परवडलं असतं.

पुढचे सात दिवस मी चित्रासमोर बसून एका हातानं व्हिसाच्या वेबसाइटचं पान उघडत होते आणि दुसऱ्या हातानं फोन उचलत होते. पानावर एकच ओळ, 'अर्ज विचाराधीन'. सोमवारी तीच. मंगळवारी तीच. बुधवारी रात्री दोन बसगाड्या भरून मंडळी विमानतळावर गेली. मी बसच्या दाराशी उभी राहून चिठ्ठ्या वाटल्या, पासपोर्ट तपासले, काकांच्या गोळ्या वहिनीच्या पर्समध्ये कुठल्या कप्प्यात आहेत ते त्यांना तीनदा दाखवलं. सगळे जाताना हात हलवत होते, नेहमीच्या पार्ट्या हलवतात तसे. गुरुवारी सकाळी खिडकीवाल्याला फोन केला. "सहीला आहे, मॅडम," तो म्हणाला. मला लग्नाला पोचवणारं शेवटचं विमान निघून गेलं तेव्हा मी वहिनीच्या बहिणीला सांगत होते की हॉटेलातल्या दिव्यांसाठी किल्लीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत घालावं लागतं.

शुक्रवारी लग्न फोनवर दिसणार होतं. ऑफिसात कुणी नव्हतं. मी साडी नेसून आले होते, कुणासाठी कोण जाणे. फोन चित्राला टेकवून उभा केला. भिंगरी आली. एवढी मोठी दिसत होती, आणि चालत मात्र होती तशीच, भराभर, नवऱ्याच्या दोन पावलं पुढं. दोघं समोरासमोर उभी राहिली. तिनं वर बघितलं.

आणि पडद्यावर काकांचा फोटो आला. काकांचा फोन येत होता. मी कापला, त्यांनी परत केला. मी परत कापला, तर तिसऱ्यांदा. म्हातारा माणूस, कुठं पडला-बिडला असेल म्हणून शेवटी घेतला.

"अगं, बाथरूम कुठल्या बाजूला आहे?"

"काका, लग्न लागतंय ना तिकडं!"

"म्हणून तर लगेच विचारतोय. परत येऊन बसायचंय."

"डाव्या हाताला, पडद्यामागं."

पुन्हा चित्र दिसायला लागलं तोवर टाळ्या वाजत होत्या. लग्न लागलं होतं.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडायला आणि कुरिअर यायला एकच गाठ पडली. पाकिटात माझा पासपोर्ट. व्हिसा छान बसला होता, सरळ, शाई जराही न फुटता. वरातीमागून घोडं! मी ते पान उघडं ठेवून बसले असतानाच ग्रुपात फोटो आला. हॉटेलच्या दारात बसपुढं सगळे उभे होते, टोप्या, काळे चष्मे, पुढं खुर्चीत काका. दादानं खाली लिहिलं होतं, 'निघालो लाइटहाउसला! संपूर्ण कुटुंब एकत्र! उत्तम व्यवस्था, काही म्हणजे काही कमी नाही!!'

हाताला सवयच आहे. पेनाचं टोक पडद्यावर ठेवून मी मोजायला लागले. भिंगरी आणि तिचा नवरा सोडून सेहेचाळीस. सगळे होते. गणती बरोबर जुळत होती, माझ्या कुठल्याही पार्टीची जुळते तशी.

मग मी ग्रुपात लिहिलं, 'एक माणूस कमी आहे.'

या वेळी अंगठे वर झाले नाहीत. अर्ध्या मिनिटात दादाचा फोन. "कोण राहिलं? कोण राहिलं गं?"

"मोजा."

"अगं, मोजलं! सेहेचाळीस आहेत!"

"परत मोजा," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मग वहिनीचा फोन, मामेभावाचा फोन, वहिनीच्या बहिणीचा फोन. बसमधून सगळ्यांना खाली उतरवलं होतं म्हणे. कुणी बाथरूममध्ये बघायला धावलं होतं, कुणी खोल्यांची दारं ठोठावत होतं. काकांनी विचारलं, "मी आहे ना गं यादीत?" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, "परत मोजा." दुष्टपणा होता तो, मला कबूल आहे. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

शेवटी भिंगरीचा फोन आला. मी घेतला. तिच्या मागून दादाचा आवाज येत होता, घामाघूम झालेला, "बेचाळीस, त्रेचाळीस, अहो हलू नका हो, चव्वेचाळीस…"

"बाबा, पुरे," ती फोन बाजूला धरून ओरडली. "मोजू नका. आत्या नाहीये."

दादाची मोजणी थांबली. हॉर्नही थांबला. मग ती माझ्याशी बोलली, अगदी हळू. "मी वर नाही चढणार आत्या. मी खाली थांबते. तू ये, मग दोघी चढू."

माझ्यापुढं उघड्या पासपोर्टाचं ते पान होतं. इतके दिवस राग होता तोवर मी नीट बसले होते. आता मला रडू फुटलं.