कोल्हा चिकटला त्या दिवशी

मला तीन दारं आहेत, तरी माझ्यातून आजवर कोणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही. मित्रांनो, मी आहे कागदी नाटकाची एक जुनी लाकडी चौकट. दारं उघडली की माझ्यात चित्र दिसतं. ही चित्रं जाड पुठ्ठ्याची, एकामागे एक रचलेली असतात. गोष्ट सांगणारा माझ्या मागे उभा राहतो. समोरचं चित्र तो बाजूच्या फटीतून ओढून काढतो आणि सगळ्यांत मागे सरकवतो. मग समोरच्यांना नवं चित्र दिसतं आणि मागच्याला त्याच चित्राची गोष्ट पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहिलेली दिसते. सांगणारा लहान असेल तर तो माझ्याआड पुरता लपतो. त्याचा चेहरा फक्त मला दिसतो, म्हणून पुढची हकिकत मीच सांगितलेली बरी.

उवा नावाच्या समुद्राकाठी तोकुजी नावाचा सुतार होड्या बांधायचा. गावातल्या सरकारी शाळेसाठी त्याने उरलेल्या देवदाराच्या फळ्यांतून मला घडवलं. बिजागऱ्या होडीच्या, पितळेच्या. "वादळातसुद्धा हिची दारं उघडायची नाहीत," असं तो शाळेत येऊन फुशारकीने म्हणाला. मुख्याध्यापक म्हणाले, "तोकुजी, वर्गात तरी उघडतील ना?"

उघडली, आणि पुष्कळ वर्षं उघडत राहिली. माझ्यासमोर मुलं हसली, रडली, एकमेकांना चिकटून बसली. मला त्याचा फार अभिमान वाटे. मग शाळेत टीव्ही आला. मला व्यायामशाळेच्या अडगळीत, उड्या मारायच्या गाद्यांमागे टाकलं. तिथला घामट वास आणि काळोख यांत किती वर्षं गेली ते मला सांगता यायचं नाही. आपण आता कोणाच्या उपयोगाच्या नाही, असं मी स्वतःला समजावून टाकलं होतं.

तिथून मला बाहेर काढलं शिगेनो आजीने. ती डोंगरउतारावर मिकान संत्र्यांची बाग सांभाळायची. गावातली काही माणसं सकाळी तास सुरू होण्याआधी शाळेत येऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागली होती. पगार नाही, काही नाही, हौसेचं काम. शिगेनो आजी त्यांतलीच. मुलांना बसायला गादी शोधत ती अडगळीत आली आणि मला बघून थबकली.

"अगं बाई, तू इथं आहेस होय?" ती माझ्यावरची धूळ पदराने पुसावी तशी गळ्यातल्या टॉवेलने पुसत म्हणाली. "लहानपणी तुझ्यासमोर भुताची गोष्ट ऐकताना माझी चड्डी ओली झाली होती."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले. या वाचणाऱ्या मंडळींचा एक नियम होता. गोष्ट संपली की मुलांना काही विचारायचं नाही. काय कळलं, काय शिकलात, काही नाही. दारं लावायची, नमस्कार करायचा आणि निघायचं. तिसरीच्या वर्गाचे ओकुबो सर सुरुवातीला बेचैन व्हायचे. "आजी, निदान एखादा तरी प्रश्न विचारा," ते म्हणायचे. आजी म्हणायची, "सर, जेवून उठलेल्या माणसाला आपण पोट दाबून विचारतो का, काय काय खाल्लंत?"

त्याच तिसरीच्या वर्गात नागिसा होती. बोलायला चुणचुणीत, पण वाचायची वेळ आली की तिचा आवाज तळाशी जायचा. अक्षरं तिच्यापुढे नाचायची. तिला उभं केलं की वर्गात खुसखुस सुरू व्हायची, म्हणून ओकुबो सरांनी दयेपोटी तिला उभं करणंच सोडलं होतं. ती दया तिला खुसखुशीपेक्षा जास्त झोंबायची, हे मला नंतर कळलं.

आमच्या शाळेची एक रीत आहे. हिवाळ्यात तिसरीची मुलं पहिलीच्या मुलांना कागदी नाटक वाचून दाखवतात. त्या वर्षी नागिसाने स्वतः हात वर केला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. कारण फक्त शिगेनो आजीला माहीत होतं. नागिसाचा धाकटा भाऊ इत्सुकी पहिलीत होता. रोज झोपताना नागिसा त्याला पुस्तक उघडून गोष्ट सांगायची आणि ती मनाने रचलेली असायची. इत्सुकी मात्र गावभर सांगत सुटला होता, "माझ्या ताईला कुठलंही पुस्तक वाचता येतं."

गोष्ट ठरली ती डोंगरावर संत्री खायला निघालेल्या ऑक्टोपसची. मधल्या सुट्टीत सराव सुरू झाला. नागिसा माझ्या मागे उभी राहून घडाघडा म्हणू लागली. आजीला वाटलं, पोरगी तयार आहे. मला मात्र दिसत होतं की तिचे डोळे अक्षरांवर नव्हतेच, ते माझ्या वरच्या पट्टीवर खिळले होते. आजीच्या तोंडून ऐकून तिने सगळं पाठ केलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला आवाज कुठून येणार?

आजीही काही कच्ची नव्हती. एकदा तिने मुद्दाम भलतंच चित्र पुढे केलं. नागिसा जुनंच म्हणत राहिली. म्हणता म्हणता ती थांबली आणि तिचे कान लाल झाले.

"सरांना सांगणार?" तिने विचारलं.

"कशाला? तू एवढी गोष्ट डोक्यात ठेवलीस, माझ्या तर चष्मासुद्धा लक्षात राहत नाही," आजी म्हणाली. "गोष्ट तुला येते. आता ती कागदावर कुठे बसलीय ते बोटाने शोधायचं, एवढंच. अडलीस तर मी बसलेय."

आजी खरंच नुसती बसायची. नागिसा एखाद्या शब्दापाशी अडली तरी आजी शब्द पुरवायची नाही. खिशातून संत्रं काढून सोलायची, अर्धं तिला द्यायची आणि वाट बघायची. ओळ सरकत नाही म्हणून नागिसा कधी चिडायची, कधी रडायची, पण दुसऱ्या दिवशी हजर असायची. हळूहळू तिचे डोळे पट्टीवरून खाली उतरले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

तो दिवस उजाडला. पहिलीची मुलं जमिनीवर बसली. इत्सुकी अगदी पुढे, शेजाऱ्याला कोपराने ढोसत, "बघ आता." त्याला बघताच नागिसाची नजर सर्रकन पुन्हा वरच्या पट्टीवर गेली आणि तिने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. सगळं छान चाललं होतं. ऑक्टोपस समुद्रातून निघाला, पायऱ्या चढला. नागिसाने पुढचं चित्र ओढलं आणि म्हणाली, "तेवढ्यात झाडामागून कोल्हा आला."

समोरून एक बारीक आवाज आला, "कोल्हा कुठाय?"

"ऑक्टोपसने खाल्ला वाटतं," दुसरा म्हणाला आणि वर्ग खिदळला.

मला तेव्हा कळलं. सरावात संत्र्याचा रस सांडून दोन चित्रं एकमेकांना चिकटली होती आणि तिने ती जोडीनेच ओढली होती. समोर कोल्हा नव्हताच. समोर होता बागेतली संत्री वाहणाऱ्या एकाच रुळावरून चालणाऱ्या छोट्या गाडीत बसलेला ऑक्टोपस. पाठ केलेलं सगळं तिथेच कोलमडलं. ओकुबो सर उठू लागले, तशी शिगेनो आजीने त्यांची बाही धरली आणि खाली बसवलं. इत्सुकी हसत नव्हता. तो मान उंच करून ताईला शोधत होता.

नागिसाने खाली बघितलं. तिचं बोट पुठ्ठ्याच्या पाठीवर टेकलं. "ऑक्टोपस... गा... गाडीत... बसला," तिने वाचलं. हळू, पण वाचलं. तिने बाजूने वाकून चित्र बघितलं. गाडी आहे. ऑक्टोपस आहे. म्हणजे कागद बरोबर होता. मग तिला पुठ्ठ्याची जाडी जाणवली. तिने नखाने दोन चित्रं सोडवली आणि माझ्या बाजूने डोकं बाहेर काढलं.

"थांबा हं," ती पहिलीच्या मुलांना म्हणाली. "कोल्हा मागे चिकटलाय. आणते त्याला."

मुलं पुन्हा हसली, पण आता ती तिच्या बाजूने हसत होती. कोल्हा जागेवर आला. पाठांतराचा धागा तुटला होता तो तुटलाच. तिथून शेवटपर्यंत नागिसाने एकेक शब्द बोटाने गाठून वाचला. मोठा शब्द आला की ती थांबायची आणि मुलं श्वास रोखून थांबायची. तिला शब्द सापडला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. गोष्टीत एवढी धाकधूक आजवर कोणीच आणली नव्हती. ऑक्टोपसने आठी हातांनी संत्री खाल्ली तेव्हा मुलांनी जमीन दणाणून सोडली.

दारं लागली. कोणी काही विचारलं नाही. पण इत्सुकी उठला, आजीच्या पिशवीतून दुसऱ्या गोष्टीचा गठ्ठा काढून पळत आला. ती गोष्ट शाळेत अजून कोणी ऐकलीच नव्हती, नागिसानेही नाही.

"ताई, आता ही," तो म्हणाला.

नागिसाने आजीकडे बघितलं. आजी चष्मा पुसत बसली होती, मुद्दाम. ओकुबो सर म्हणाले, "गणिताचा तास आहे, पण असू दे." नागिसाने नवी चित्रं माझ्यात रचली, माझी दारं उघडली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

मित्रांनो, मला कोणी धूळ पुसून उन्हात ठेवलं तर आवडेलच. पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या शेजारी कोणी अडखळत वाचत असेल, तर पुढचा शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका आणि त्याला वगळून पुढेही जाऊ नका. जरा थांबा. त्या सकाळी सगळा वर्ग नागिसासाठी थांबला, आणि तिने ती कोरी करकरीत गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.